दोनदा टकटक

बगळ्याच्या हातात दोन सत्त्या आल्या तेव्हा दुपारचा एक वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि तीन वाजता त्याची बायको साहेबाच्या केबिनमध्ये सही करायला येणार होती. कागदावर काय लिहिलंय ते अख्ख्या कोल्ड स्टोरेजला पाठ होतं. माझा भाऊ स्वतःच्या निष्काळजीपणामुळे सात नंबरच्या खोलीत मरण पावला, आमची कुणाबद्दल काही तक्रार नाही. खाली बहिणीची सही. झालं. माणूस लाकडासारखा ताठ होऊन बाहेर निघाला, त्याची फाइल वर्षानं बंद.

ती सही व्हायच्या आत तोंड उघडायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि तो ज्याच्यापुढे होता, तो गडी जन्मात कधी आपणहून पहिला बोलला नव्हता.

बगळा हे त्याचं पत्त्यांच्या टेबलावरचं नाव. पाण्यात एका पायावर झोपल्यासारखा उभा राहायचा आणि मासा टप्प्यात आला की मान टाकायचा, म्हणून. नोकरी कॉम्प्रेसर चालवायची. सात खोल्यांचा गारठा त्याच्या हातात. मशीन रूममध्ये एक उलटा टाकलेला केबलचा ड्रम होता, तेच टेबल. जेवणाच्या सुट्टीत त्यावर पोकर चालायचा. पैसे नाहीत, पैसे कुणाकडे होते? तेलकट वॉशर लावायचे. प्रत्येकी वीस.

पोकरमध्ये तगडे पत्ते आले की दोन रस्ते असतात. एक सरळ. वॉशर पुढे सरकवायचे आणि म्हणायचं, माझ्याकडे माल आहे, हिंमत असेल तर ये. समोरचा बहुतेक वेळा पत्ते टाकून मोकळा होतो. थोडं मिळतं, पण मिळतं, आणि डाव तिथंच संपतो. दुसरा रस्ता बगळ्याचा. बोटांच्या पेरांनी टेबल दोनदा ठोकायचं, टकटक, म्हणजे चेक, म्हणजे मी काही लावत नाही, चला पुढे. मेल्यासारखं पडून राहायचं. समोरच्याला वाटतं, याच्याकडे काही नाही. तो लावतो. मग आपण त्याच्यावर तिप्पट वाढवायचं आणि त्याचा चेहरा बघायचा. बगळ्याला त्या चेहऱ्याचं व्यसन होतं. जिंकण्याचं नव्हतं.

या रस्त्याला एक भोक आहे. प्रत्येकाच्या हातात दोन पानं असतात आणि मधे सगळ्यांची सामाईक पाच उघडत जातात; समोरच्यानंही ठोकलं, तर मधलं पुढचं पान त्याला फुकटात बघायला मिळतं. आणि फुकटच्या पानाच्या नादानं माणूस कुठं जाऊन पोचेल, हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, नेमका उलटा. त्याला सगळे तोफ म्हणायचे. चांगले पत्ते आले की कानापर्यंत हसायचा आणि धाडकन लावायचा. "दाजी, तुम्ही एक दिवस ठोकता ठोकता मराल," असं म्हणायचा. खोल्यांचं तापमान घ्यायचं काम त्याचं. प्रत्येक खोलीबाहेर लाकडी फळा, फळ्यावर खिळे. आत जाताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्यावर अडकवायचा, बाहेर आलं की काढायचा. खिळ्यावर बिल्ला असेल तर दाराला हात लावायचा नाही. एवढा एकच नियम, आणि तो चांगला नियम होता. तोफेचा नंबर चौदा.

आता यातली गंमत ऐका. वॉशर संपले की हे लोक बिल्ला लावायचे. बिल्ला हरला तो जिंकणाऱ्याची आठवडाभराची आतली कामं करणार. जीव सांभाळणारी एकच वस्तू त्या कारखान्यात होती, ती यांनी खेळायला घेतली. मूर्ख होते. पण नीट विचार करा, दुसरं होतं काय त्यांच्याकडे लावायला?

वर्षापूर्वी अशाच एका दुपारी बगळ्याच्या हातात दोन राजे होते आणि मधल्या पहिल्या तीन पानांत तिसरा राजा पडला. राजा, नव्वी, चव्वी. तिथंच त्यानं पाच वॉशर पुढे केले असते तर तोफ पत्ते टाकून, बिल्ला गळ्यात घालून, शीळ घालत कामाला गेला असता. तोफेकडे सत्ती आणि अठ्ठी होती, कवडीमोल. पण बगळ्यानं ठोकलं. टकटक. सगळ्यांनीच ठोकलं. चौथं पान फुकटात उघडलं, ती निघाली छक्की. छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी. आता एक पंजी किंवा दश्शी आली की तोफेची पाच पानांची ओळ पुरी. बगळ्यानं पुन्हा ठोकलं. तोफ पेटला. होते तेवढे वॉशर लावले. मग बगळ्यानं मान टाकली.

"वाढवतो. आणि तुझा बिल्ला."

तो चेहरा बगळ्यानं मनसोक्त बघितला. तोफेनं गळ्यातला बिल्ला काढून वॉशरांच्या ढिगावर आपटला, तेवढ्यात तापमान घ्यायची घंटा झाली. "चटकन घेऊन येतो. पाचवं पान कुणी उघडायचं नाही हां दाजी, तुमच्यावर माझा काडीचा भरवसा नाही," म्हणाला आणि गेला.

सात नंबरचा फळा रिकामा होता. वॉचमननं फळा बघितला, दाराला बाहेरून कडी घातली आणि मशीन रूमची घंटा दाबली, म्हणजे खोली बंद, गारठा सोडा. बगळा उठला. डाव्या हातात तीन राजांपैकी दोन, उजव्या हातानं त्यानं सात नंबरचा व्हॉल्व्ह पुरा उघडला. परत येऊन बसला. बिल्ला त्याच्या नाकासमोर होता.

दाराचा आतला खटका सात महिन्यांपासून मोडलेला होता. तीन वेळा लेखी कळवलं होतं. साहेबानं तीन वेळा 'बघतो' म्हटलं होतं.

मग पाइप वाजला. सात नंबरला जाणारा जाड पाइप टेबलाच्या अगदी बाजूनं भिंतीत शिरायचा. टकटक. पाइप एरवीही कुरकुरायचे. पॅकिंगमधली काकू, जिच्या जिभेला हाड नव्हतं, ती म्हणाली, "बघ रे बगळ्या, तुझा मेहुणा तिकडून चेक म्हणतोय!"

तिघं हसले. बगळा, काकू आणि स्टोअर सांभाळणारे मास्तर. पुन्हा टकटक. "अरे ऐकलं, ऐकलं, तुझी पाळी झाली!" मास्तर ओरडले. पुन्हा हसले. बगळ्याला वाटलं, हा बाहेर सिगरेट ओढत बसलाय, मला तंगवतोय. तोही तंगवत बसला. त्यात त्याचा हात कोण धरणार?

चार वाजता दार उघडलं.

गोंधळात बगळ्यानं बिल्ला मुठीत घेतला आणि कपडे बदलायच्या खोलीत तोफेच्या जाकिटाच्या खिशात सोडला. तिथं तो साहेबाला मिळाला. बिल्ला खिशात म्हणजे फळ्यावर लावलाच नाही, म्हणजे मेला तो स्वतःच्या चुकीनं. साहेबाला काय, घरबसल्या सुटका मिळाली. तिघांनी तोंडं शिवली. बायकोनं जाकीट आणि बिल्ला घरी नेला, कपाटात ठेवला, आणि वर्षभर एक शब्द विचारला नाही. सासूबाई मात्र येईल त्याला सांगत बसायच्या, "पहिल्यापासून धांदरटच तो." बगळा शेजारी बसून भात कालवायचा. तो मनात म्हणायचा, बायकोनं विचारलं की सांगतो. विचारू दे की. विचारलं की सगळं सांगतो.

ती विचारेना.

पत्ते त्यांनी बंद केले नाहीत. बंद केले असते तर लोकांनी विचारलं असतं, का बंद केले. आठ दिवसांनी तिघं बसले. चौथ्या जागी, बगळ्याच्या डाव्या हाताला, स्टूल तसंच राहिलं. बगळ्यानं पाळी आल्यावर टेबल ठोकलं, आणि काकूनं हात उचलायच्या आत पाइप वाजला.

टकटक.

सात नंबर तेव्हा बंद पडलेला होता. व्हॉल्व्ह बगळ्यानंच बंद करून त्याला कुलूप घातलं होतं. पाइपात गॅसचा थेंब नव्हता.

"धातू आकसतो," मास्तर म्हणाले. ते पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे. "उन्हाळ्यात फुगतो, थंडीत आकसतो." मग त्यांनी तेच पत्ते तीनदा पिसले.

तेव्हापासून रोज. बगळ्यानं ठोकलं की पाइप ठोकायचा. पाइप ठोकल्यावर काकूची आणि मास्तरांची काय टाप होती लावायची? दोघंही ठोकायची. पान फुकट, पुढचं पान फुकट, शेवटचं फुकट. वर्षभर बगळा तगडे पत्ते घेऊन दबा धरून बसला आणि वर्षभर एकानंही समोरून लावलं नाही. जन्मभर धडाधड लावणारा माणूस मेल्यावर ठोकायला शिकला होता. बगळ्याला याचा अर्थ दुसऱ्या कुणाहीपेक्षा चांगला कळत होता. जो ठोकतो, त्याच्याकडे माल असतो. तो वाट बघतोय.

माणूस कशालाही सरावतो, हे यातलं सगळ्यात घाणेरडं. महिनाभरानं काकू पाइप वाजेपर्यंत थांबायला लागली. "थांबा, त्याचं होऊ दे," म्हणायची, घरातल्या म्हाताऱ्यासाठी जेवायचं थांबावं तशी.

तर आज. दोन सत्त्या हातात. मधली तीन पानं उघडली: सत्ती, राणी, तिर्री. बगळ्यानं ठोकलं. पाइपानं ठोकलं. काकू, मास्तर, टकटक, टकटक. चौथं पान मास्तरांनी उलटलं. सत्ती.

चार सत्त्या. तीस वर्षांत बगळ्याला चार एकसारखी पानं पहिल्यांदा लागली होती. त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यानं पेरं खाली आणली. टकटक.

पाइप गप्प.

काकूनं हात उचलला होता, तो तसाच राहिला. "त्याची पाळी आहे," ती म्हणाली.

थांबले. बाकीचे कॉम्प्रेसर घुमत होते. मिनिट झालं असेल.

"आज का बोलत नाही रे हा?"

"काकू, पाइप आहे तो," मास्तर म्हणाले.

"मग तुम्ही का घाम पुसताय, मास्तर?"

"मी घाम... काकू, ते बघा."

भिंतीत पाइप जिथं शिरत होता तिथं पांढरी कड दिसली. आधी सुईएवढी. मग बोटाएवढी. हिम धरत होतं. कुलूप घातलेल्या, वर्षभर कोरड्या पाइपावर बर्फाची लव उगवत होती आणि ती भिंतीकडून टेबलाकडे येत होती, सावकाश, वीतभर, दीड वीत. रिकाम्या स्टुलाच्या उंचीला येऊन ती थांबली.

"मेल्या, व्हॉल्व्ह उघडलास का?" काकूनं विचारलं. बगळ्यानं किल्ली दाखवली. ती त्याच्या कमरेलाच होती.

"तो ठोकत नाहीये," काकू म्हणाली. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "बगळ्या, तो आता ठोकणार नाही. तू वर्षभर त्याच्याकडून ठोकवून घेतलंस. आज ती सही करणार. जा आणि सांग तिला."

"तिघांची नोकरी जाईल," मास्तर म्हणाले. "बोलायला काय जातं, काकू? माझ्या घरी आजारी माणूस आहे."

"आणि माझ्या घरी काय सर्कस आहे? मला रोज ऐकू येतं मास्तर, भांडी घासताना ऐकू येतं. मी बोलले होते ना ते, चेक म्हणतोय म्हणून. ह्या तोंडानं."

"ती विचारेल तेव्हा..." बगळा म्हणाला.

"ती विचारेल? अरे मुडद्या, ती कशाला विचारेल? तिला काय माहितीये की ती विचारेल! तुझ्याकडे पत्ते आहेत. तू लाव."

बगळ्यानं हातातली पानं उताणी केली. दोन सत्त्या. मास्तर त्याही स्थितीत "अगाई" म्हणाले. चार सत्त्या उघड्या पडल्या होत्या आणि मधे एकही वॉशर नव्हता. पाचवं पान न उघडताच बगळा उठला.

तीन वाजता तो केबिनमध्ये होता. जिना चढताना त्यानं वाक्य बनवलं होतं. बिल्ला खिशात नव्हता, माझ्यासमोर होता. सात शब्दही नाहीत. आत शिरल्या शिरल्या म्हणायचं, ती खुर्चीत बसायच्या आत.

ती बसलेली होती. निळ्या साडीत, मांडीवर पिशवी. साहेब पेनाचं टोपण काढत होता. "या, या. तुम्हीही साक्षीदार म्हणून सही करा. दुःखद आहे सगळं, पण एकदा मिटवलेलं बरं असतं."

बायकोनं पेन घेतलं. मग नवऱ्याकडे बघितलं. नुसतंच बघितलं.

बगळ्यानं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, त्याला त्याची चव लागत होती. आणि त्याचा उजवा हात, त्याला न विचारता, साहेबाच्या टेबलावर उतरला.

टकटक.

त्यानं स्वतःच्या हाताकडे बघितलं. पेरं लाकडावर टेकलेली होती. गार पडली होती, मेलेल्या माणसाची असावीत तशी.

बायकोनं पेन खाली ठेवलं.

"ठोकलंस," ती म्हणाली. सतरा वर्षांत तिनं त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. "मला वाटलंच होतं. तरी थांबले. म्हटलं, पेन हातात घेईपर्यंत थांबू."

तिनं पिशवीतून चौदा नंबरचा बिल्ला काढून कागदावर ठेवला. मग पदराच्या गाठीतून आणखी काहीतरी काढलं आणि बिल्ल्याशेजारी ठेवलं. वॉशर. तेलानं काळा पडलेला.

"खिशातनं बिल्ला काढला तेव्हा हा मागं चिकटलेला होता. नखानं सोडवला मी. धाकटा घरी यायचा तेव्हा खिसा भरून हेच असायचं, ताई आज इतके जिंकलो, ताई आज इतके, ताई आज दाजींनी ठोकून ठोकून बिल्ला काढून घेतला. तापमान घेणाऱ्याच्या बिल्ल्याला टेबलावरचा वॉशर कसा चिकटतो, साहेब? बिल्ला डावात होता. तो डाव कुणाचा होता, तेही मला माहीत आहे. वर्षभर याच्या ताटात वाढलं मी. वाटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. आई आपल्या पोराला धांदरट म्हणत होती आणि हा भात कालवत होता."

"बाई, तुम्ही भावनेच्या भरात..."

"भरात नाही. लिहून घ्या. मी सही करणार नाही."

बगळा उभा होता. आयुष्यभर ज्या चेहऱ्याची त्यानं मजा घेतली, तो आता त्याच्याच मानेवर होता. आणि डोक्यात एक जुनी, हुशार गोष्ट चालू होती. हिला वॉशर माहीत आहे. बिल्ला माहीत आहे. तेवढं कबूल कर आणि थांब. माफी माग, रड, चूक झाली म्हण. ती हळूहळू निवळेल. पाइपाचं हिला माहीत नाही. ते आम्हा तिघांबाहेर कुणालाच माहीत नाही. ते राहू दे आत. विचारलं तर बघू.

"बिल्ला माझ्यासमोर होता," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह मी उघडला. आतला खटका मोडलेला होता, तीन वेळा कळवलं होतं, याच टेबलावर कागद दिले होते."

"आता ते कशाला?" साहेब म्हणाला.

बायकोनं साहेबाकडे बघितलंही नाही. डाव इथं थांबवता आला असता. तिच्या डोळ्यांत कुठंतरी, खूप आत, एक दार किलकिलं होतं. त्याला ते दिसलं. त्यातून घरी जाता आलं असतं.

"त्यानं ठोकलं होतं," बगळा म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "आतून. पाइपावर. आम्हाला ऐकू आलं. आम्हाला वाटलं, चेक म्हणतोय. आम्ही हसलो. त्यानं पुन्हा ठोकलं, आम्ही पुन्हा हसलो. किती वेळ ठोकत होता, मी मोजलं नाही. मी पत्ते धरून बसलो होतो."

ते दार मिटलं. त्याचा आवाज झाला नाही, पण बगळ्याला ते स्पष्ट दिसलं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं बघायचं थांबवलं, कायमचं.

तिनं बिल्ला उचलला. वॉशर तिथंच ठेवला. जिना उतरली, पॅकिंगच्या बायका बाजूला झाल्या, काकूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. सात नंबरच्या दारापाशी जाऊन तिनं वर्षभराची गंजलेली कडी दोन्ही हातांनी काढली. दार हातभर उघडलं. बंद पडलेल्या खोलीतून थंड हवा आली आणि तिच्या साडीचा काठ हलला. ती आत गेली नाही. तिनं फळ्यावरच्या खिळ्याला चौदा नंबरचा बिल्ला अडकवला आणि फाटकाबाहेर निघून गेली. बगळा मागं गेला नाही. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, आणि या वेळी ते बरोबर होतं.

तो मशीन रूममध्ये परत आला. पाइप कोरडा होता. टेबलावर त्याचे पत्ते तसेच उताणे पडले होते. तो स्टुलावर बसला आणि पाच वाजेपर्यंत कान देऊन ऐकत राहिला. काही वाजलं नाही.

सहाला वॉचमन खोल्या बंद करत आला. एक, दोन, तीन, प्रत्येक फळा बघायचा आणि कडी घालायचा. सात नंबरपाशी त्याचा हात कडीवर गेला आणि त्याचं लक्ष खिळ्याकडे गेलं.

"आत कोण आहे?" त्यानं विचारलं.

त्यानं आत डोकावून बघितलं. रिकाम्या भिंती, मोडका खटका. तो थोडा वेळ तिथंच घुटमळला. मग त्यानं कडीवरचा हात काढून घेतला आणि दार तसंच उघडं ठेवून तो निघून गेला.